शंभरात किती खरखरीत

६ जानेवारी

ऑफिसच्या रजिस्टरमध्ये कुरकुर लिहायला रकाना नसतो, म्हणून ही वही. सत्तावीस वर्षं मुकाट रजिस्टर भरलं. जूनमध्ये निवृत्त होणार, तोवर पोटात साठलंय ते इथे ओतीन म्हणते. वाचणारं कोणी नाही, तेव्हा अक्षराचीही लाज नाही.

उत्खननावरून शेवटच्या खड्ड्याची पोती आज आली. सात थर, सात पोती. सातवा थर सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात जुना. पहिला सगळ्यात वरचा. तिकडचे टाकीवाले मामा माती पाण्यात ढवळतात, हजारो वर्षांपूर्वी चुलीत पडून जळलेले दाणे वर तरंगतात, ते गाळून वाळवून माझ्या टेबलावर येतात. मग मी दोन केसांचा कुंचला घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते निवडत बसते. लोक विचारतात, एवढंच काम? हो बाबा, एवढंच.

आमच्या प्रमुख मॅडमना या वेळी फक्त सातू हवाय. रानातला सातू पिकला की कणीस आपोआप सुटतं आणि दाणा जिथे कणसाला जोडलेला असतो त्या सांध्यावर राहणारा वण गुळगुळीत असतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पेरलेला सातू असा गळत नाही, झोडपावा लागतो. मग सांधा तुटतो आणि वण खरखरीत राहतो. प्रत्येक थरातले शंभर सांधे घ्यायचे, खरखरीत किती ते लिहायचं. रानातलं कणीससुद्धा हिरवट असताना कापलं तर तुटूनच येतं, त्यामुळे शंभरात दहाएक खरखरीत कुठेही निघतात. नवीन माणसाला मी हे पहिल्याच दिवशी पढवते. आकडा त्याच्या वर चढत गेला की समजायचं, वेचून खाणारे लोक पेरून खायला लागले.

एप्रिलच्या परिषदेत मॅडम हे आकडे वाचणार, त्यावर पुढच्या वर्षीच्या खोदकामाची परवानगी ठरणार. आकडे माझे. माझा आकडा आजवर कोणी परत मोजलेला नाही. एवढी एकच मिजास आहे मला, ती असू द्यावी.

१५ जानेवारी

सातवा थर संपला. शंभरात अकरा. म्हणजे रानातलंच वेचून आणलेलं. मान मोडली.

सूक्ष्मदर्शकाचा दिवा फार मंद झालाय. स्टोअरमध्ये बल्ब मागितला तर तीन सह्या आणा म्हणाले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार.

रात्री जेवताना यांच्या दाताखाली खडा आला. हे म्हणजे माझे यजमान. चौतीस वर्षं बस चालवली, त्यातली शेवटची दोन डेपोत टेबलामागे काढली. खडा त्यांनी ताटाच्या कडेला काढून ठेवला. डाळ मीच निवडली होती, चांगली दोनदा. दुकान बदलायला हवं, मेला भेसळ करायला लागलाय.

२७ जानेवारी

सहावा थर. एकोणीस. म्हणजे कुणीतरी पेरायला लागलं होतं, थोडं थोडं.

बाकी काही नाही. थकवा आहे. घरी येऊन विणकाम हातात घेतलं नि ठेवून दिलं. विणायचा कंटाळा यायला लागलाय, टाके डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळतात. वय झालं, दुसरं काय.

५ फेब्रुवारी

पाचवा थर, तेहतीस. मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "काकू, म्हणजे चढतोय आकडा. वरच्या थरात साठ-सत्तरपर्यंत जाणार बघा."

मी म्हटलं, "जाईल तेव्हा जाईल. आधी बल्बचं बघा."

बल्ब दुपारी आला एकदाचा. भलामोठा. पण उजेड जितका जास्त तितकं सगळं दुधाळ दिसतं. आता याला काय म्हणायचं? शेवटी दिवा अर्धा वळवून काम केलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

ऑफिसच्या जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि गुडघ्यावर आपटले. पायऱ्यांच्या कडा झिजून सगळं एकसारखं झालंय, कोणाला म्हणून पडलेली नाही. रस्त्यावर धुकं होतं, प्रत्येक दिव्याभोवती कडं. चुकीच्या बसमध्ये चढले आणि दोन थांबे मागे चालत आले.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "आज धुकं होतं?"

"होतं की. तुम्ही घरात बसून, तुम्हाला काय दिसणार."

"असेल," म्हणाले, आणि बाम घेऊन आले. मग म्हणाले, उद्यापासून संध्याकाळी मी थांब्यावर येत जाईन, पाय मोकळे होतात. रिटायर माणसाला वेळ जात नाही, त्यातला प्रकार.

२३ फेब्रुवारी

चौथा थर. चोवीस.

तेहतीसवरून चोवीस? मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं तर बावीस. म्हटलं आता तिसऱ्यांदा मोजायला लावलंत तर वीस होतील. त्या हसल्या, मी नाही हसले. दिवसभर त्या काळ्या कणांकडे बघून डोकं ठणकत होतं.

हल्ली हे मला थांब्यावरून घरी आणताना बडबडत असतात. "आता चढ आहे. आता दोन पायऱ्या." म्हटलं, बस चालवायची सवय गेली नाही का अजून, मी काय तुमची प्रवासी आहे? म्हणाले, हो.

७ मार्च

तिसरा थर, बारा.

आज मॅडमनी खोलीचं दार लावून घेतलं. त्यांच्या हातात माझे आकडे होते. म्हणाल्या, "काकू, मला वाटतं यांनी शेती सोडली. पेरून बघितलं, पिढ्यान्‌पिढ्या केलं, आणि सोडून दिलं. परत रानात गेले."

"असं कोणी करतं?"

"का नाही करणार? त्या खड्ड्यातल्या बायकांची हाडं बघितलीत तुम्ही. पायाची बोटं वाकडी, गुडघे झिजलेले. रोज तासन्‌तास गुडघ्यावर बसून दळलेलं. रानात वेचायला गेलं तर दोन-तीन तासांत दिवसाचं पोट भरतं. मी असते तर मीही सोडलं असतं."

मॅडम बेचाळीस वर्षांच्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

८ मार्च

कालपासून त्या बायका डोक्यातून जात नाहीत. पेरा, राखा, पाखरं हाका, झोडपा, पाखडा, दळा, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मग एक दिवस त्यातली एखादी उठली असेल, हातातला वरवंटा खाली ठेवला असेल आणि म्हणाली असेल, बास झालं आता. आणि टोपली घेऊन निघाली असेल डोंगराकडे, मिळेल ते वेचायला. मागून बाकीच्या.

खरं सांगायचं तर आज स्वयंपाक करताना मला रडूच आलं. दुःखाचं नव्हे. कुणीतरी कधीतरी सोडलं होतं, एवढ्यानेच बरं वाटलं. माझी सुट्टी जूनमध्ये. त्यांनी आपली आपणच घेतली.

१९ मार्च

सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणारा आला होता. मीच तीनदा तक्रार केली होती, भिंगावर बुरशी आहे म्हणून. त्याने सगळं उघडलं, पुसलं, परत बसवलं. म्हणाला, "बाई, भिंग स्वच्छ आहे. आधीही होतं."

"मग धूसर का दिसतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि हत्यारं भरायला लागला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, अंगण वाकडं की काय. उद्धट माणूस. याची वरती तक्रार करणार आहे.

२८ मार्च

दुसरा थर, पाच. फक्त पाच! मॅडमनी लेखाचं नाव ठरवलंय, 'परतीची वाट'. सगळ्या ऑफिसात तेच चाललंय. शिपाईसुद्धा मला विचारून गेला, काकू, मग आपणही परत जायचं का रानात? म्हटलं, तू हो पुढे, मी आलेच.

हल्ली डाळ निवडायला हेच बसतात. खिडकीशी ताट मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर. मी म्हटलं, बाईमाणसाची कामं हिसकावू नका. म्हणाले, तू दिवसभर निवडतेसच की. हे नवीन पेनही त्यांनीच आणून दिलं, शाई चांगली गडद आहे. जुन्याने लिहिलेलं फारच फिकट दिसायचं.

३ एप्रिल

पहिला थर. तीन.

संपलं. सातशे सांधे. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, हे काकूंच्या डोळ्यांचं काम आहे. पुढच्या वर्षीचं खोदकाम पक्कं समजा. टाळ्या वाजल्या. मला फक्त झोपायचं होतं.

१० एप्रिल

टाकीवाले मामा आज उरलेली पोती पोचवायला आले. बारा वर्षं हा माणूस माती धुतोय, पण आपण काय धुतो ते एकदाही बघितलेलं नाही. म्हटलं, या मामा, बसा. पहिल्या थरातला एक गुळगुळीत सांधा काढून भिंगाखाली ठेवला. "बघा, पिकून आपोआप गळलेला. बूड कसं तुळतुळीत आहे."

मामांनी बराच वेळ डोळा लावला. मग म्हणाले, "काकू, मला तर दातेरी दिसतंय. काडी मोडल्यासारखं."

मी हसले. म्हटलं, "मामा, याला नजर तयार व्हावी लागते."

"असेल बुवा," म्हणाले. "माझी आपली माती बघायची नजर." परत एकदा बघितलं. "पण मोडल्यासारखंच आहे."

चहा घेऊन गेले. मला राग आला होता. अजून आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

११ एप्रिल

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. कपाटात माझ्याच हाताने बनवलेल्या नमुन्यांच्या काचा आहेत, वीस वर्षांपूर्वीच्या. एका ओळीत रानातला सातू, एका ओळीत शेतातला. शेतातला मी स्वतः झोडपून, भट्टीत जाळून बनवलेला. वर चिठ्ठी, माझ्याच अक्षरात, खरखरीत.

भिंगाखाली ठेवला. गुळगुळीत दिसला.

दुसरा ठेवला. गुळगुळीत. दहाच्या दहा काचा बघितल्या. मग दुसऱ्या डोळ्याने बघितल्या. मग दिवा कमी करून बघितल्या, तेव्हा दोनांत काहीतरी दाते असल्यासारखं वाटलं.

काचा पुसून जागच्या जागी ठेवल्या. दिवसभर टेबलाशी बसून राहिले आणि काम करत्येय असं दाखवलं.

१२ एप्रिल

रविवार. हे डाळ निवडत होते. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्यांनी ताट खाली ठेवलं नाही. "जानेवारीपासून. एकाच घासाला तीन खडे होते. मी एक काढला, दोन गिळले."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक खडा काढून कडेला ठेवला. मग म्हणाले, "डेपोत माझी डोळ्यांची तपासणी व्हायच्या आधी मी चार महिने तशीच गाडी चालवली. रोज पन्नास माणसं पाठीमागे. समोरून येणारा दिवा फुटल्यासारखा दिसायचा. कुणी मला म्हणालं असतं ना, तुला दिसत नाही, तर मी त्याला मारलं असतं. तुला कसं सांगू?"

"चार महिने?"

"एक दिवस थांब्यावर उभी असलेली बाई मला दिसली नाही. तिने मागे उडी मारली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच साहेबांकडे गेलो. तुला सांगितलं होतं, तपासणीत नापास झालो म्हणून. ते खोटं होतं."

इतकी वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही, आणि हे मला आज कळलं. मी म्हटलं, माझे आकडे कोणाच्या अंगावर जात नाहीत. हे म्हणाले, नाही ना, मग काय, सोडून दे. आणि परत डाळ निवडायला लागले. हा माणूस असा आहे.

परिषद वीस तारखेला आहे. मी बोलले नाही तर कोणालाही कळणार नाही. जूनमध्ये फुलं नि शाल घेऊन घरी येईन. मॅडमचं खोदकाम होईल. आणि त्या बायका आपल्या डोंगरावर टोपल्या घेऊन राहतील. मला त्यांना तिथेच राहू द्यायचं होतं, हेही लिहून ठेवते.

१३ एप्रिल

सांगितलं.

दार लावून घेतलं आणि म्हटलं, "मॅडम, मला दिसत नाही." त्यांना आधी कळलंच नाही. म्हणाल्या, सुट्टी घ्या, विश्रांती घ्या. मग मी काचांचं सांगितलं, मामांचं सांगितलं. त्या खाली बसल्या.

"कुठल्या थरापासून?"

"माहीत नाही. कदाचित पहिल्या दिवसापासून थोडं थोडं."

"काकू, सात दिवसांवर परिषद आली आहे."

"हो."

"तुम्ही आधी का नाही..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग एकदम उठून माझ्या टेबलाकडे गेल्या. दुसऱ्या थराची नळी काढली, 'गुळगुळीत' चिठ्ठीची, त्यात पंचाण्णव सांधे. ताटलीत ओतले. मी बाजूच्या स्टुलावर बसले. त्या भिंगाला डोळा लावून कुंचल्याने एकेक बाजूला सारायला लागल्या आणि मोठ्याने म्हणत गेल्या. खरखरीत. खरखरीत. गुळगुळीत. खरखरीत. खरखरीत.

वीस झाल्यावर थांबल्या. माझं रजिस्टर ओढून घेतलं आणि बघत राहिल्या. "तीन," म्हणाल्या. "पहिल्या थरात शंभरात तीन. काकू, रानातसुद्धा दहा निघतात. हे तुम्हीच मला शिकवलंत. आपण दोघींपैकी कुणीच विचारलं नाही, तीन कसे?"

 त्यांना लेखाचं ते नाव फार आवडलं होतं. मलाही.

मग मी रजिस्टर मागून घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली गडद शाईने लिहिलं, वरील आकडे थरांचे नाहीत, माझ्या नजरेचे आहेत, पुन्हा मोजावेत. सही केली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या रजिस्टरमध्ये आकड्याशिवाय काही लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, "जुने खड्डेही बघावे लागतील. मागच्या दोन वर्षांचे तरी." म्हटलं, बघा. जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. रागावलेल्या होत्या, तरी सोडला नाही.

२५ एप्रिल

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजेडात जास्त त्रास देणारा. गुरुवारी एक काढणार, महिन्याने दुसरा. अगदी साधं काम आहे म्हणाले. एवढ्या साध्या कामासाठी मी एवढं करून ठेवलं.

मॅडमनी परिषदेत लेख वाचला नाही. खोदकामाची परवानगी लांबली, मिळेल की नाही सांगता येत नाही. आज दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओढलेला होता, बारा दिवस त्या स्वतः मोजत होत्या. म्हणाल्या, "काकू, लिहून घ्या," आणि मग त्यांनाच आठवलं, तेव्हा म्हणाल्या, "नको, ऐका." चौथा थर, बेचाळीस. तिसरा, पंचावन्न. दुसरा, चौसष्ट. पहिला, एकाहत्तर. सरळ चढत गेलेला. जुने खड्डे अजून बघायचे आहेत.

"म्हणजे नेहमीसारखंच," मी म्हटलं.

"हो. सगळीकडे होतं तसंच. कुणी काही सोडलं नाही."

फोन ठेवला. हे खिडकीशी डाळ घेऊन बसले होते. मी जवळ जाऊन बसले, अर्धी डाळ माझ्या ताटात ओढून घेतली आणि बोटांनी चाचपून खडे काढायला लागले. बोटांना अजून कळतं. यांनी विचारलं, काय म्हणाल्या मॅडम?

मी सांगितलं, त्या बायका कुठेही गेल्या नव्हत्या. गुडघे झिजेपर्यंत तिथेच दळत बसल्या होत्या. दीड महिना मी त्यांना सुट्टी दिली होती.